पाण्याखालची टपालपेटी आणि कुशिमोतोचे पाच दिवस

जपानमध्ये डायव्हिंग म्हटलं की लोक थेट ओकिनावाला पोचतात. मीही ओसाकात तीन वर्षं राहून तेच करत होते, म्हणजे ओकिनावाची तिकिटं बघायची, किंमत बघायची आणि टॅब बंद करायचा. मग एकदा ऑफिसमधल्या एका सीनियर बाई जेवताना सहज म्हणाल्या की त्यासाठी विमान कशाला, वाकायामाच्या टोकाला जा, ट्रेनने साडेतीन तास, तिथे कोरल आहे. मला वाटलं चेष्टा करतायत. वाकायामा म्हणजे संत्री, उमेबोशी (खारवलेली आंबट फळं) आणि देवळं. पण घरी येऊन नकाशा उघडला, कुशिमोतो शोधलं आणि तिथेच अडकले.

होन्शू, म्हणजे जपानचं मुख्य बेट, त्याचं सगळ्यात दक्षिणेचं टोक या गावात आहे, शिओनोमिसाकी. अक्षांश साधारण साडेतेहतीस. म्हणजे आपल्या जम्मूच्याही वर! आणि तिथे शंभराहून जास्त जातींचं कोरल आहे, २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हे कसं शक्य आहे ते नकाशावरून कळत नाही, ते तिथे गेल्यावर एका गाईडकाकांनी वहीवर रेघा मारून समजावलं, ते पुढे येईलच.

मी मूळची रत्नागिरीची, डायव्हिंग शिकले तारकर्लीला, नंतर अंदमान. पण जपानच्या पाण्यात ही पहिलीच वेळ. नवरा नागपूरचा आणि शाकाहारी, त्याच्या मते समुद्र ही लांबून बघायची गोष्ट आहे. "तू जाय पाण्यात, मी चहा पीत बसतो." अशी आमची टीम. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, दोन्हीकडून रजा, निघालो.

दिवस पहिला

तेन्नोजीहून कुरोशियो एक्सप्रेस पकडली. गाडीचं नाव समुद्रातल्या प्रवाहावरून, कुरो म्हणजे काळा आणि शिओ म्हणजे भरतीचं पाणी. शिराहामापर्यंत गाडी बऱ्यापैकी भरलेली होती, तिथे बॅगा आणि पोरंबाळं घेऊन अर्धी गाडी उतरली आणि मग डब्यात आम्ही, दोन आजोबा आणि एक गळाच्या काठ्यांचा भलामोठा गठ्ठा घेतलेला माणूस एवढेच. तिथून पुढे रूळ अगदी समुद्राला चिकटून जातात. बोगदा, निळं पाणी, बोगदा, खडपं, बोगदा. मला कोकण रेल्वेची आठवण यायला लागली, फरक एवढाच की कोकण रेल्वेतून समुद्र जवळपास दिसतच नाही.

टीप: ओसाकाहून येताना उजव्या हाताची खिडकी घ्या, समुद्र त्या बाजूला. जाताना उलट.

राहायला एक मिनशुकू घेतलं होतं, म्हणजे घरगुती लॉज, सकाळ-संध्याकाळचं जेवण धरून. मालकीणबाईंना ओकामी-सान म्हणायचं, वय सत्तरीच्या पुढे, मी मनातल्या मनात आजीच म्हणत होते. बॅगा टाकल्या आणि चालत हाशिगुई-इवा बघायला गेलो. समुद्रात एका रांगेत चाळीसेक सुळके उभे, साधारण साडेआठशे मीटरची रांग, समोरच्या ओशिमा बेटाच्या दिशेने गेलेली, अगदी पुलाचे खांब बांधून ठेवावेत आणि कंत्राटदार पळून जावा तशी. गोष्ट पण तशीच आहे. कोबो दाइशी या साधूने एका राक्षसाशी पैज लावली की एका रात्रीत बेटापर्यंत पूल बांधतो. काम भराभर होतंय बघून राक्षस घाबरला आणि त्याने कोंबड्याची बांग दिली, साधूला वाटलं उजाडलं, काम अर्धवट राहिलं. नवरा म्हणाला, आपल्याकडे पांडवांच्या नावावर अशा किती अर्धवट गोष्टी आहेत! खरंय, कोकणात प्रत्येक दुसरं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलेलं असतं आणि कोंबडा आरवलेला असतो. तो कोंबडा इथपर्यंत पोचलाय हे माहीत नव्हतं.

ओहोटी होती म्हणून सुळक्यांच्या पायथ्यापर्यंत चालत जाता आलं. खडपांत पाण्याची डबकी, त्यात खेकडे, इतकं ओळखीचं वाटलं की मी चपला काढल्या.

जेवणात मला टूना आला. तोही साधासुधा नाही, इथल्या ओशिमा बेटावर किंदाई विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे त्यांनी ब्लूफिन टूना अंड्यापासून मोठा करून त्याचीच अंडी पुन्हा वाढवण्याचं चक्र २००२ साली पूर्ण केलं, जगात पहिल्यांदा. १९७० ला सुरू केलं होतं, म्हणजे ३२ वर्षं त्या माशाच्या मागे! आपल्याकडे कुपा, म्हणजे टूनाच, फार कुणी कौतुकाने खात नाही, इथे एकेक तुकडा सोन्यासारखा वाढतात. चव? लोण्यासारखी. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कच्चा? शी!"

टीप, शाकाहारी लोकांसाठी: मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही असं समजू नका. मिसो सूप, उकडलेली भाजी, नूडल्सचं पाणी सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं. बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा आणि "कोम्बू दाशी चालेल" असं सांगा, कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ. आजींनी नवऱ्यासाठी कोम्बूच्या पाण्यात टोफू, भोपळा आणि मेहारीझुशी केली. मेहारी म्हणजे मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा मोठा गोळा. नावाचा अर्थ डोळे वटारणं, कारण एवढा मोठा घास घ्यायचा तर तोंडाबरोबर डोळेही उघडतात. नवऱ्याने चार खाल्ले आणि चारही वेळा डोळे वटारले.

दिवस दुसरा

सकाळी आठला डाइव्ह शॉप. फॉर्म, कार्ड, लॉगबुक, तब्येतीची प्रश्नावली. ही प्रश्नावली मनावर घ्या, दमा, ब्लडप्रेशर, कानाचं ऑपरेशन अशा कशालाही "हो" लिहिलंत तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात आणि ते नसेल तर पाण्यात सोडत नाहीत, कितीही गोड हसलात तरी.

आमचे गाईडकाका पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं वजन किती लावतेस (पाण्याखाली राहायला डायव्हर अंगावर वजनं लावतात). मी अंदमानच्या सवयीने झटकन ८ किलो सांगितलं. ते म्हणाले ५. मी म्हटलं नाही नाही, सूट ५ मिलीमीटरचा आहे, मी तरंगते. ते "सो देसु का" म्हणाले आणि ८ दिलं. जपानी माणूस "असं होय" म्हणून गप्प बसला की समजायचं आपण चुकलोय, हे मला ऑफिसमध्ये कळायला दोन वर्षं लागली होती आणि इथे तरीही विसरले.

बंदरातून बोट जेमतेम दहा मिनिटं. पहिला पॉइंट सुमिसाकी. उडी मारली आणि मी दगडासारखी खाली. कारण इथले टँक स्टीलचे असतात, १० लिटरचे, आणि मला सवय अल्युमिनियमच्या टँकची. अल्युमिनियमचा टँक रिकामा होत आला की हलका होऊन वर ओढतो, स्टीलचा शेवटपर्यंत जड राहतो. जॅकेटमध्ये हवा भरत भरत, दोराला लटकून, गाईडकाकांच्या शांत नजरेखाली मी कशीबशी सावरले. काकांनी पाण्यातच माझ्या खिशातून दोन वजनं काढून स्वतःच्या खिशात टाकली. एक शब्द नाही, अर्थात पाण्यात बोलणार तरी काय.

आणि मग मान वर करून बघितलं.

खाली उतरंडीसारखी टेबल कोरल. एकावर एक ताटं रचून ठेवल्यासारखी, काही काही तर आमच्या डायनिंग टेबलपेक्षा मोठी. रंगीबेरंगी म्हणाल तर नाही, तपकिरी, हिरवट, कडेला फिकट जांभळी. पण पसरलेली किती! अंदमानला कोरल बघितलंय, तरी हे वेगळं वाटलं, कारण इथे वरती डोंगरावर सूचिपर्णी झाडं, गावात लोकांनी स्वेटर काढायला घेतलेले आणि खाली हे. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर पाण्याचं तापमान २५. दिसत होतं पंधरा मीटर तरी. तारकर्लीत पाच-सात मीटर दिसलं तरी आम्ही देवाला हात जोडायचो.

प्रत्येक भोकात एक उत्सुबो. म्हणजे मोरे ईल, आपल्या वामीचा दात विचकणारा चुलत भाऊ. तोंड उघडं ठेवून बघत असतात, श्वास घ्यायला उघडतात पण वाटतं आपल्यालाच शिव्या देतायत. एका कपारीत शेवंड, मिशा बाहेर काढून. सीझन नुकताच सुरू झालेला, तिला बहुतेक माहीत होतं, अजिबात बाहेर येईना.

दुसरी डाइव्ह बिझेनला. तिथे किनमेमोदोकी नावाच्या इवल्या पारदर्शक सोनेरी माशांचा ढग होता. ढगच. खडकावरून ओतल्यासारखा खाली यायचा, मध्येच एखादा लायनफिश पंख पसरून आत घुसला की ढग फाटायचा आणि पुन्हा मिटायचा. मी तिथेच तरंगत राहिले, काका पुढे गेले आणि परत आले, घाई केली नाही.

टीप: इथून शंख, शिंपला, शेवंड काहीही उचलायचं नाही. हक्क मच्छीमार सोसायटीचा असतो आणि चोरून पकडणं हा सरळ गुन्हा आहे, बंदरावर पाट्या आहेत. डायव्हर लोकांना मच्छीमारांनी बोटी आणि जागा दिल्यात त्या या विश्वासावर.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. डाइव्ह संपल्यावर आपल्याकडे काय होतं, सूट काढला, वडापाव खाल्ला, घरी. इथे गरम पाण्याने अंघोळ, मग सगळे टेबलाभोवती बसतात आणि तासभर लॉगबुक लिहितात. त्याला लोगुझुके म्हणतात. माशांची जाडजूड पुस्तकं मांडलेली, चहा, बिस्किटं, रंगीत पेनं. काका पॉइंटचा नकाशा काढतात, आपण कुठून कुठे गेलो, कुठे काय दिसलं, माशाचं नाव पुस्तकात शोधून लिहायचं, शेवटी शिक्का. अगदी शाळेतल्या प्रयोगवहीसारखं. नागोयाची दोन मध्यमवयीन माणसं होती, एकाचे ७०० च्या वर डाइव्ह झालेले, तो पण एका समुद्री गोगलगाईचं नाव शोधत वीस मिनिटं पानं उलटत होता. गोगलगायीला इथे उमिउशी म्हणतात, समुद्राची गाय. मी म्हटलं आमच्याकडे पण गोगलगायच आहे, तिच्यात पण गाय आहे! हे समजावताना माझं जपानी संपलं पण सगळे हसले.

तेव्हाच काकांनी कुरोशियोचं सांगितलं. वहीवर टोक काढलं, खालून एक जाड रेघ. फिलिपाईन्सच्या बाजूने गरम पाण्याची ही नदी येते, शंभरेक किलोमीटर रुंद, आणि या टोकाला जवळजवळ घासून जाते. पाण्यात खाद्य कमी, म्हणून गढूळपणा कमी, म्हणून वरून बघितलं की काळंनिळं दिसतं, म्हणून काळा प्रवाह. कोरलची पिल्लं, उष्ण पाण्यातले मासे सगळे त्याच्यावर बसून येतात. पण तो दरवेळी याच वाटेने जात नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याने दक्षिणेला मोठं वळण घेतलं ते २०२५ च्या एप्रिलपर्यंत, पावणेआठ वर्षं, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यात लांब. ते ओळखायचं कसं? टोकाच्या एका बाजूला कुशिमोतो, दुसऱ्या बाजूला उरागामी, अंतर दहा-पंधरा किलोमीटर. प्रवाह टोकाजवळून गेला की कुशिमोतोच्या बाजूची पाण्याची पातळी वर असते, लांब गेला की दोन्हीकडे जवळपास सारखी. म्हणजे दोन बंदरांतली पाणी मोजायची पट्टी बघून समुद्रातली नदी कुठे आहे ते सांगतात. मला हे इतकं भारी वाटलं की बिस्किट चहात बुडून गेलं.

मग काकांनी विचारलं की शेवंडीला तुमच्याकडे काय म्हणतात. सांगितलं. वहीत काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत लिहिलं, "शेवांदो". वाम, "वामु". कुपा, "कुपा", हे एकदम बरोबर. लायनफिशला काय म्हणतात विचारलं तेव्हा माझी दांडी गुल.

संध्याकाळी नवरा भेटला तो एकदम खुशीत. तो मरीन पार्कला गेला होता. १९७० साली जपानने पहिल्यांदा समुद्री उद्यानं जाहीर केली त्यात हे होतं. किनाऱ्यापासून पुलाने चालत जायचं, मग एका मनोऱ्यातून पायऱ्या उतरून समुद्राच्या तळाशी, गोल खिडक्यांतून मासे बघायचे. "मी पण सहा मीटर खोल जाऊन आलो, केसही ओले झाले नाही." वर त्याचं तिकीट माझ्या बिलाच्या दहाव्या हिश्श्यातलं.

टीप: दोन बोट डाइव्ह आणि सगळं सामान भाड्याने, मला २० हजार येनच्या थोडं वर पडलं. स्वतःचा मास्क आणि कॉम्प्युटर असेल तर कमी. छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, रोख ठेवा. बहुतेक ठिकाणी इंग्रजी जेमतेम, ईमेलवर आधी बोलून घ्या.

दिवस तिसरा

सकाळी सहाला फोन. "उनेरी." कुठेतरी लांब समुद्रात वादळ होतं, इथे आकाश निळं, वारा नाही, एक ढग नाही, पण बंदराच्या बाहेर पाण्याच्या लांबच लांब वळ्या येत होत्या. बोट रद्द. मी अर्धा तास तोंड पाडून बसले. आजी म्हणाल्या, समुद्र नको म्हणाला की नको. आमच्या आईचं वाक्य आहे हे, फक्त जपानीत.

मग बसने ओशिमा बेटावर. आता पूल आहे, १९९९ पासून, साधूचं काम शेवटी सरकारने केलं. बेटाच्या पूर्व टोकाला काशिनोझाकी दीपगृह, १८७० चं, ब्रंटन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने बांधलेलं, जपानमधलं सगळ्यात जुनं दगडी दीपगृह. आणि रस्त्यात एकदम तुर्कस्तानचे झेंडे! निळे डोळ्याचे ताईत विकणारी दुकानं! नवरा म्हणाला आपण चुकून इस्तंबूलला उतरलो का.

१६ सप्टेंबर १८९० ची रात्र. एर्तुग्रुल नावाचं तुर्की लढाऊ जहाज सुलतानाच्या भेटी पोचवून परत निघालेलं, वादळात सापडून या दीपगृहाखालच्या खडकांवर आदळलं. पाचशेहून जास्त माणसं गेली, वाचली ६९. रात्री एक जखमी खलाशी दीपगृहाच्या उजेडाकडे बघत कडा चढून आला आणि मग गाव खाली धावलं. बेटावर त्या वर्षी खायची मारामार, तरी होतं ते धान्य, कोंबड्या सगळं त्यांना दिलं, गारठलेल्यांना स्वतःच्या अंगाच्या उबेने वाचवलं. पुढे १९८५ मध्ये इराण-इराक युद्धात तेहरानमध्ये २१५ जपानी लोक अडकले तेव्हा तुर्कस्तानच्या विमानांनी त्यांना बाहेर काढलं. २००७ पासून पाणबुडे संशोधक त्या जहाजाच्या वस्तू खालून काढतायत, काही इथल्या संग्रहालयात आहेत. स्वयंपाकाचं एक मोठं तांब्याचं भांडं बघितलं आणि बाकी काही बघवेना. कड्यावरून खाली तेच खडक दिसत होते, त्यांच्यावर उनेरीच्या लाटा सावकाश फुटत होत्या. सकाळी बोट रद्द झाल्याची माझी कुरकुर तिथे बंद झाली.

रात्री जेवताना आजींना सांगितलं तर म्हणाल्या आमच्या घरातले पण पाण्यात गेलेत, पण लांब. त्यांच्या सासऱ्यांचे काका ऑस्ट्रेलियाला गेले होते शिंपले काढायला. मी आधी नीट समजले नाही, मग त्यांनी सांगितलं. मेइजी काळापासून (१८६८ ते १९१२) या भागातून, कुशिमोतो, ओशिमा, शिओनोमिसाकी, तरणी पोरं थर्सडे आयलंड आणि ब्रूमला जायची. मोठे मोत्याचे शिंपले काढायचे, मोत्यांसाठी कमी आणि शर्टाच्या बटणांसाठी जास्त. डोक्यावर पितळी हेल्मेट, वरून हवेची नळी. किती खोल, किती वेळ, वर किती सावकाश यायचं याचं काही शास्त्र तेव्हा हाताशी नव्हतं. ब्रूमच्या जपानी दफनभूमीत नऊशेच्या वर माणसं आहेत, त्यातली कितीतरी बेंड्सने, म्हणजे घाईने वर आल्यामुळे रक्तात बुडबुडे होऊन गेली. त्या काकांचं काय झालं विचारलं. आजी म्हणाल्या, पैसे आले, ते नाही आले. आणि उठून भाताचं भांडं आणायला गेल्या.

माझ्या मनगटावर कॉम्प्युटर तसाच होता. प्लास्टिकचं घड्याळ, जरा लवकर वर आलात की किंचाळतं.

ताटात त्या रात्री उत्सुबो होता. तोच, दात विचकणारा. वाळवून, तळून, गोडसर सोया सॉसमध्ये घोळवलेला. चिवट, तेलकट आणि अफाट चांगला. आमच्याकडच्या सुक्या बोंबलाला कुणी गुळात घोळवलं तर जे होईल ते. भाताबरोबर दोनदा घेतला.

दिवस चौथा

समुद्र बसला. काकांनी स्वतःहून ५ किलो दिलं, मी गुपचूप घेतलं.

ग्रास वर्ल्ड नावाचा पॉइंट. काका सरळ एका खडकापाशी गेले आणि काडीने दाखवायला लागले. मला खडक दिसला. काका पुन्हा दाखवतात, मला शेवाळ दिसलं. पाटीवर लिहिलं, "तांदूळ". मी डोळे फाडून बघतेय, मेहारी. पाच मिनिटं गेली, हवा चाललीये, आणि मग शेवाळाच्या एका तुकड्याने मान वळवली! समुद्री घोडा. दीड सेंटिमीटर. अंगावर शेवाळासारखेच तपकिरी-पांढरे ठिपके, शेपटीने धाग्याला धरून हिंदकळत. जपानी डायव्हर याला लाडाने जपापिगु म्हणायचे, जपानचं डुकराचं पिल्लू, आणि २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी नवीन जात म्हणून नोंदवलं तेव्हा तेच नाव शास्त्रीय नावात घातलं. एकदा दिसल्यावर नजर हटवायची भीती, पुन्हा सापडणार नाही म्हणून. फोटो काढले चाळीस, त्यातले एकोणचाळीस खडकाचे.

नवऱ्याला चाळिसावा दाखवला. "एवढे पैसे देऊन दीड सेंटिमीटर?" म्हटलं हो. मग तो बराच वेळ झूम करून बघत बसला.

दुसरी डाइव्ह आसाजीला व्हायची होती, ती बाहेरच्या बाजूची, करंटवाली. काकांनी बोटीवरून पाणी बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले पुढच्या वेळी. वाद घातला नाही, एकदा ८ किलोचा घालून झाला होता. परत सुमिसाकीलाच गेलो आणि एका मोठ्या कासवाने आम्हाला पूर्ण दुर्लक्षित करत कोरलखाली झोप काढली.

शेवटच्या लोगुझुकेला काकांनी शिक्क्याखाली काताकानात "शेवांदो" लिहिलं आणि मिशांसकट चित्र काढलं. मी देवनागरीत लिहून दिलं, ते त्यांनी फ्रिजवर लावलं.

दिवस पाचवा

परतीच्या वाटेवर सुसामी. गाव छोटं, पण एका गोष्टीसाठी मला यायचंच होतं. समुद्रात १० मीटर खोल एक टपालपेटी आहे. खरीखुरी. १९९९ साली इथल्या एका प्रदर्शनाच्या निमित्ताने ठेवली, २००२ मध्ये गिनेसमध्ये सगळ्यात खोल टपालपेटी म्हणून नोंद झाली. दुकानात पाण्यात न भिजणारं कार्ड मिळतं, ऑइल मार्करने लिहायचं, डाइव्ह करून पेटीत टाकायचं. डाइव्ह शॉपचे लोक ती पत्रं वर काढून पोस्टात नेतात.

मी रत्नागिरीचा पत्ता दोन्ही लिप्यांत लिहिला. मजकूर काय लिहावा सुचेना. शेवटी लिहिलं, "आई, हे पत्र समुद्राच्या तळावरून टाकलंय. मी जेवते वेळेवर. कुपा कच्चा खाल्ला, काही झालं नाही." नवऱ्याने किनाऱ्यावरून त्यात "माझाही नमस्कार" घुसवला.

खाली वाळूत ती उभी, जुन्या पद्धतीची गोल लाल पेटी, रस्त्यावरून उचलून ठेवल्यासारखी. गंज काढायला, रंगवायला तिला अधूनमधून वर काढतात म्हणे, पण मी गेले तेव्हा पायथ्याशी छान शेवाळ जमलं होतं आणि एक छोटा मासा फटीच्या बरोबर समोर पहारा देत होता. कार्ड हातात धरलं तर ते सारखं वर पळायला बघतं, तरंगतं ना! दोन प्रयत्न चुकले. तिसऱ्यांदा आत गेलं आणि मी पाण्याखाली टाळ्या वाजवल्या, ज्याचा आवाज येत नाही.

टीप: परदेशी पाठवायचं असेल तर डाइव्हच्या आधी काउंटरवर सांगा, तिकीट वेगळं लागतं. मार्कर पूर्ण वाळू द्या. आणि विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास सोडा, ट्रेनला काही नाही.

स्टेशनवर एका आजोबांच्या टपरीवरून हिरवट सालीची संत्री घेतली, अजून आंबट होती, गाडीत दोघांनी मिळून पिशवी संपवली. डाव्या बाजूला समुद्र, बोगदा, समुद्र. शिराहामाला गाडी पुन्हा भरली.

बावीस दिवसांनी आईचा फोन. कार्ड आलं. पोस्टमनने आधी स्वतः वाचलं होतं आणि दारात उभं राहून विचारलं, "काकू, पोरगी नेव्हीत आहे काय?" आईने त्याला चहा दिला. मग मला म्हणाली, सगळं बरोबर आहे गं, पण समुद्रात टाकलंस म्हणतेस, मग मिठाचा वास कसा नाही आला? मी दोनदा हुंगून बघितलं.